एका घरात दोन कार्डं

डिसेंबर उजाडला की अर्लीन ह्रुस्काला धसका बसायचा. थंडीचा नव्हे, आयोवात जन्म काढलेल्या बाईला थंडीचं काय! औषधांच्या विम्याचा. सात तारखेच्या आत पुढच्या वर्षाची योजना निवडायची, नाहीतर जी आहे तीच गळ्यात. वर्षभर विमा कंपन्यांचं टपाल येऊन पडायचं, टीव्हीवर जाहिरातींत दात विचकणारे म्हातारे नाचायचे, आणि शेवटी काय, तर डोकं बधिर.

यंदा निवडणं भागच होतं. नवऱ्याला, एमिलला, कंपवात. त्याच्या कॅप्सुला चालू योजना जानेवारीपासून देणार नव्हती. त्या चुकल्या की एमिलचे पाय जमिनीला खिळायचे.

आणि अर्लीनला काचबिंदू. रोज रात्री डोळ्यांत थेंब घालायचे. पण मागच्या वर्षी दोघांचीही औषधं बसतील अशी एकच योजना सापडली, ती पेलवण्याजोगी नव्हती. मग तिने फॉर्ममधून आपले थेंब गुपचूप वगळले. तेव्हापासून पदरच्या पैशाने बाटली विकत घ्यायची आणि पुरवून पुरवून वापरायची, एक रात्र घालायचे, दोन रात्री सोडायचे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एमिलला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. गाडी तीच चालवायची. तिची नजर गेली की घर विकून दोघांची रवानगी वृद्धाश्रमात, हे तिला लख्ख कळत होतं. कळून करते काय?

चर्चच्या तळघरात मार्विन संगणक घेऊन बसला होता. बँकेतून निवृत्त झालेला, शाळेत अर्लीनच्या मागच्या बाकावर बसणारा. दर हिवाळ्यात तो लोकांना योजना निवडून द्यायचं काम फुकट करायचा आणि बायका त्याला कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणून द्यायच्या.

"ये बाई," तो म्हणाला. "सकाळपासून अकरावं जोडपं. माझाच मेंदू भाजून निघालाय."

"मग आमचं पटकन उरक. एमिलला फार वेळ बसवत नाही."

एमिल शेजारी मान खाली घालून बसला होता. हात मांडीवर थरथरत होता. मार्विनने त्याच्या कॅप्सुला संगणकात घातल्या, बराच वेळ चाळत बसला आणि एक योजना काढली. हप्ता बरा, कॅप्सुला मिळतात, औषधाचं दुकानही गावातलंच. अर्लीनने सुटकेचा नि:श्वास टाकला.

"आता तुझी औषधं सांग."

"माझं काय, रक्तदाबाची एक गोळी. मलाही हीच योजना टाक."

"थेंब सांग," एमिल म्हणाला.

"कसले थेंब?" मार्विनने विचारलं.

"तिच्या डोळ्यांचे. सकाळी ती कॉफी ओतते ती निम्मी बशीत असते. मी थरथरतो, आंधळा नाही झालेलो."

अर्लीनचा चेहरा उतरला. "एमिल, गप्प बस. तुझ्या योजनेत ते बसत नाहीत. दोघांचं एकत्रच घ्यावं लागतं ना."

मार्विनने चष्मा काढला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? एमिल कारखान्यात असताना त्याच्या विम्याच्या कार्डावरच माझं सगळं व्हायचं. चाळीस वर्षं."

"तो कारखान्याचा विमा होता, अर्लीन. हा सरकारचा. हा माणशी वेगळा. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, कुणी विचारत नाही. मागच्या वर्षी फॉर्म कुणी भरून दिला?"

"कुणी नाही. फॉर्म मीच भरला, घरी बसून."

मार्विन पुन्हा संगणकाकडे वळला. त्याने तिची औषधं घातली, थेंबांसकट. स्वस्तातली एक योजना लगेच वर आली. थेंब त्यात होते. मागच्या वर्षीही असणार.

अर्लीन पडद्याकडे बघत राहिली. डाव्या बाजूची अक्षरं तिला दिसत नव्हती. वर्षभर हात दाखवून अवलक्षण केलं तिने, आणि तेही संसार एक म्हणून विमाही एक, असं धरून. तिला रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं.

"चूक माझी," ती म्हणाली.

"घाल," एमिल मार्विनला म्हणाला. "तिचं वेगळं घाल."

जानेवारीत नवं कार्ड आलं, थेंबांची बाटली आली. जेवणं झाल्यावर एमिल म्हणाला, "आज मी घालतो."

"तुझ्या हाताने? डोळा फोडशील."

"वर बघ."

तिने खुर्चीत मान मागे टाकली. त्याने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. तरी बाटली हललीच. थेंब तिच्या गालावर पडला आणि कानाकडे ओघळला.

"वाया गेला," तो म्हणाला.

वर्षभर तिने एकेक थेंब जपला होता. तिने गाल पुसलाही नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "दुसरा घाल."