एकवीस नग आणि साडेतीनशे ग्रॅम

परशरामआप्पांना यातून मिळणार होतं ते एवढंच: गल्लीत आठ-पंधरा दिवस नाव निघणार होतं आणि धाकटा भाऊ भावकू चार दिवस तोंड पाडून बसणार होता. बस्स. हे सगळं माझ्या आकड्याला अडकवलं असतं तर माझी सुई जागची हलली नसती. पण हलक्या गोष्टीसाठी माणसं केवढी जड किंमत मोजतात, आणि तीही दुसऱ्याच्या अंगावरची, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. किराणा दुकानातला नव्हे, तान्ह्या बाळांना तोलणारा. गोल तोंड, तोंडावर एक सुई, वर धरायला कडी, खाली आकडा आणि आकड्याला कापडाची झोळी. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. तेच माझं काळीज. कारखान्यात एकामागून एक वजनं अडकवून आमची परीक्षा घेतली होती. जो ग्रॅमभर जास्त बोलला तो बाजूला, जो कमी बोलला तोही बाजूला. मी पास झालो आणि खोक्यात बसून बेळगावला आलो. तिथून सांबऱ्याच्या जयाबाईंच्या पिशवीत.

जयाबाई म्हणजे आमच्या भागाच्या आशा कार्यकर्त्या. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही त्या बाळ तोलायला जातात. बारा वर्षं मी त्यांच्या काखेत गाव हिंडलो. नंदगडच्या एका शिबिरात डॉक्टरांनी मला वर धरून सांगितलं होतं, "हा काटा बघा. बारा वर्षांचा आहे, पण कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही." त्या दिवशी माझी कडी जरा जास्तच चमकली असेल.

मग बटणाचं नवं यंत्र आलं आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेलो. दीड वर्ष धूळ खात होतो. शेवटी त्या यंत्राचे सेल संपले. नवे सेल "वरून येणार" आहेत, असं तीन महिने ऐकतोय. तेव्हा जयाबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चल बाबा, तुला सेल लागत न्हाय."

आम्ही गेलो ते परशरामआप्पांकडे. आप्पा कोबी-बटाट्याचे शेतकरी, गल्लीत चार माणसांच्या पुढे असणारे, हिशेबी. त्यांची लेक ऋतिका बेळगावात शाळेत शिकवते. तिचं सासर निपाणीकडचं बोरगाव. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून नववा लागला तशी ती घरी आली होती. ओसरीवर बसून ती कागदावर यादी करत होती. बाळाला अंगावर पाजायचं हे तिनं पक्कं केलं होतं, पण त्यासाठी काय काय लागतं ते मोबाईलवर वाचून तिचं डोकं भणभणलं होतं.

"जयाबाई, खरंच लागतंय तेवढंच सांगा," ती म्हणाली.

"लिही मग. पाठ टेकून बसायला निवांत जागा. मांडीवर घ्यायला एक उशी. जुन्या लुगड्याची चार मऊ फडकी. तांब्याभर पाणी हाताशी आणि वेळच्या वेळी भाकरी. नोकरीवर परत जाणार असशील तर तवा दूध काढायचा पंप घे, आत्ता न्हाय."

ऋतिकानं पाच ओळी लिहिल्या आणि सुटकेचा श्वास सोडला. आप्पांनी कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"एवढंच? मग लोकास्नी दाखवायचं काय?"

इथे तुम्हांला रीत सांगितली पाहिजे. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी चिंधीसुद्धा घरात आणायची नाही, अपशकुन होतो. जन्मल्यावर मात्र माहेरानं सगळं सामान घ्यायचं. सव्वा महिन्यानं सासरची माणसं आली की ते त्यांच्यापुढे मांडायचं, मग लेकीबरोबर द्यायचं. आणि कोऱ्याचं कोरं मांडायचं. सील फुटलेलं दिसलं तर वापरलेलं दिलं म्हणतात. भावकूनं गेल्या साली आपल्या लेकीला सतरा नग दिले होते. गल्ली अजून ते सतरा विसरली नव्हती.

"आपलं एकवीस," आप्पा म्हणाले.

"आप्पा, बाळ एक हाय," ऋतिका म्हणाली.

"बाळ एक असलं तरी बघणारं गाव हाय गं!"

बाळ जन्मलं. मुलगा. दवाखान्यात वजन भरलं दोन किलो आठशे. चौथ्या दिवशी बेळगावच्या दुकानातून टेम्पोभर खोकी आली. पाळणा आला, पंप आला, दूध साठवायच्या पिशव्या आल्या, पाजताना मांडीवर घ्यायची चंद्रकोरीसारखी उशी आली, पाजताना पांघरायची झूल आली, तीन मापांच्या बाटल्या, त्या उकळायचं यंत्र, त्या ऊन ठेवायचं दुसरं यंत्र. एकविसावा नग म्हणून दुधाच्या पावडरीचा डबा. दुकानदारानं वर आणखी एक डबा फुकट टाकला. असं फुकट वाटायला कायद्यानं बंदी आहे, हे जयाबाईंनी मागाहून सांगितलं, पण फुकटाला नाही म्हणणारं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

आता हे मांडायचं कुठे? घरात मोठा पलंग एकच, बाळंतिणीच्या खोलीतला. आप्पांनी त्यावर नवी चादर घातली आणि एकवीस नग ओळीनं लावले. बाळंतीण कुठे गेली म्हणता? तिला सोप्यात खाट दिली, दाराच्या वाटेवर. पाठ टेकायला भिंत नाही, आणि सामान बघायला येणारी प्रत्येक बाई तिच्या उशापायथ्यावरून जाणार.

दोन ओळी वर जाऊन पुन्हा वाचा, मित्रांनो. पाजायला मदत व्हावी म्हणून आणलेली उशी पलंगावर निजली आणि पाजणारी आई वाटेवर बसली!

सातव्या दिवशी मी दोन किलो साडेसहाशे दाखवले. पहिल्या दिवसांत बाळ थोडं उतरतंच, त्यात घाबरण्यासारखं नसतं. जयाबाईंनी सांगितलं, "रडायची वाट बघू नको, घटकाघटकानं छातीला लाव." ऋतिकानं मान हलवली. तेवढ्यात चार बायका सामान बघायला आल्या, तिनं पदर ओढला आणि बाळाला खांद्यावर टाकलं. ते भुकेनं तिचं लुगडं चोखत राहिलं. मी पिशवीतून बघत होतो. मला तोलता येतं, ओरडता येत नाही.

चौदाव्या दिवशी आम्हांला उंबऱ्यातूनच परत लावलं. ऋतिकाची आई मालुबाई दारात आडवी उभी राहिली.

"आत पावणी बसल्यात ओ. आणि सारखं सारखं तोललं की बाळ आटतंय म्हणत्यात. पुढच्या बारीला या."

आटतंय म्हणे माझ्यामुळे! माझ्या स्प्रिंगनं आजवर कुणाच्या अंगाचा तोळाभर तरी खाल्ला आहे काय?

एकविसाव्या दिवशी जयाबाईंनी विचारलंच नाही. सरळ आत गेल्या, खाटेवर बसल्या आणि बाळाला झोळीत घातलं. मी जे होतं ते दाखवलं. दोन किलो चारशे पन्नास.

बाळाचे पाय काटकीसारखे झाले होते. ते रडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडून मिटत होतं.

पहिले बोलले आप्पा. आणि काय बोलले ऐका.

"काटा खोटा हाय. असलं जुनं काटं मार्केटात लई बघितल्यात म्या. दोन-अडीचशे ग्रॅम सहज खातोय."

मित्रांनो, बारा वर्षांत मला कुणी उपाशी पोरानंसुद्धा शिवी दिली नव्हती. मी खातो! ज्या घरात पलंग खोक्यांनी खाल्ला, त्या घरात खाण्याचा आळ माझ्यावर!

जयाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी बाळाला आईजवळ दिलं आणि मला आप्पांच्या हातात ठेवलं. "तुमची हयात वजनात गेली आप्पा. तुम्हीच तपासा."

आप्पांनी स्वयंपाकघरातून किलोची साखरेची पुडी आणली आणि झोळीत टाकली. एक किलो. दुसरी टाकली. दोन किलो. डोळा माझ्या सुईच्या रेषेत आणला, कडी बदलून धरली, पुड्यांची जागा बदलली. दोन किलोच. मग त्यांनी पुड्या काढल्या आणि स्वतःच्या हातानं नातू झोळीत ठेवला. पोती उचलणारे ते हात. माझी सुई पुन्हा तिथेच येऊन थांबली. माझा त्यात दोष नव्हता.

"साडेचोवीसशे," ते हळूच म्हणाले.

"पोटात काय जातंय बाळाच्या?" जयाबाईंनी विचारलं.

मालुबाईंनी फुकटचा डबा दाखवला. गर्दीपायी पाजायच्या वेळा चुकत गेल्या. छाती भरून दगडासारखी झाली, तशी बाळाला धरवेना. ऋतिकाला ताप चढला. मग डबा फोडला.

"डब्यावर लिवलंय त्या मापानं घालता न्हवं?"

मालुबाई पायाच्या अंगठ्याकडे बघू लागल्या. "निम्मं घालतो. पुरायला नको व्हय?"

"दुसरा डबा हाय की पलंगावर!"

"तो नगातला! तो फोडला तर एकवीसाचं वीस हुत्यात. आणि बाजारात नवा आणायला गेलं तर लोक म्हणत्यात, लेकीला दूध न्हाय."

लोक, लोक, लोक! बाळानं काय घोडं मारलं होतं या लोकांचं?

ऋतिका इतका वेळ तोंड फिरवून बसली होती. ती वळली. ताप होता, पण आवाज शाळेतला होता.

"आप्पा, सासूबाईस्नी काय दाखवायचं ते एकदा ठरवा. खोकी का नातू?"

आप्पा उठले. आत गेले. बाटल्या उकळायच्या यंत्राचं खोकं उचललं आणि जमिनीवर ठेवलं. मग दुसरं. मग दोन्ही हातांनी ढकलून सगळा पलंग रिकामा केला, आणि चंद्रकोरीच्या उशीचं प्लास्टिक दातानं फाडलं.

त्याच दिवशी बाळाला आणि आईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईचा ताप औषधानं जाईल. बाळाला आजार नाही, भूक आहे. जयाबाईंनी ऊन फडक्यानं छाती शेकायला शिकवलं, थोडं दूध हातानं काढून मग बाळ धरायला शिकवलं. अंगावरचं पुरेसं होईपर्यंत पावडर पुऱ्या मापात आणि वाटी-चमच्यानं. पलंगावर, भिंतीला पाठ टेकून. मालुबाईंनी दार लावून घेतलं आणि सामान बघायला आलेल्यांना उंबऱ्यातून परत लावलं; या खेपेला अडवलं ते योग्य माणसांना. अठ्ठाविसाव्या दिवशी मी दोन किलो सातशे दाखवले. आप्पांनी ते स्वतः दोनदा वाचले.

सव्वा महिना झाला. बोरगावहून गाडी आली. सासूबाई गुणाबाई उतरल्या, खोलीत आल्या, कोपऱ्यात लावलेल्या खोक्यांवरून एक नजर फिरवली.

"एवढं कशाला ओ आप्पा? हे आमच्या गाडीत मावंल व्हय? आणि पाळण्याचं काय, आमच्यात शिसवी पाळणा हाय की, तुमचा जावई सौरव त्यातच वाढला."

मग त्यांनी नातवाला उचललं, एकदा हातावर झेललं आणि त्यांचं हसू कमी झालं.

"हलकं लागतंय पोरगं. सव्वा महिन्याचं वाटत न्हाय."

गुणाबाईंच्या हातात ना सुई होती ना आकडा. आप्पांनी मान खाली घातली. आणि दारातून भावकूचा आवाज आला, "अण्णा, एकवीसातलं सीलबंद सोळाच दिसत्यात की!"

मित्रांनो, मला परत खिळ्यावर टांगा, माझी तक्रार नाही. नवं यंत्र येऊ दे, सेल येऊ देत. पण तुमच्या घरात ताई, वहिनी, मावशी बाळंत झाली की तिला बसायला भिंत द्या, प्यायला पाणी द्या, आणि दारावर एक माणूस द्या जो बाकीच्यांना "मागाहून या" म्हणेल. आणलेली वस्तू वापरायला आणा. आणि आशाताई काटा घेऊन आल्या, तर वाट सोडा. आकडा आवडला नाही म्हणून काट्याला खोटं म्हणू नका. आकडा बाळाचा असतो, काटा फक्त वाचून दाखवतो.

आता शेवटचं तोलतो. दुकानदाराला पुरे पैसे पोचले, फुकट डब्याचेसुद्धा, कारण ते बाकीच्या एकविसांत त्यानं कधीच लावून घेतले होते. आप्पांनी पैसे भरले आणि नाव निघायचं ते निघालंच नाही. मालुबाईंनी झोप भरली. ऋतिकानं ताप भरला, आणि भरलेली छाती घेऊन चार बायकांपुढे पदर ओढून बसण्याचे पंधरा-वीस दिवस भरले. आणि ज्याला यादी कुणी वाचून दाखवली नव्हती, ज्याला एक सोडून दुसरा नगच नको होता, त्यानं आपल्या अंगावरचे साडेतीनशे ग्रॅम भरले.