खपलीखालची ओल

टॉर्डिसची ॲल्युमिनियमची होडी धक्क्याशेजारी गोट्यांवर ठोकळे लावून चढवलेली होती. तिच्या तळाला आतून पांढऱ्या पुळ्या उठल्या होत्या. अलास्काच्या किनाऱ्यावर वेल्डिंग करून पोट भरणाऱ्या रॅग्नाने असल्या पुळ्या पुष्कळ पाहिल्या होत्या. पण ही होडी धाकट्या बहिणीची होती, आणि उद्या टॉर्डिस तीच घेऊन हॅलिबट मासे धरायला एकटी खोल पाण्यात निघणार होती.

"गळांचे ओरखडे पडू नयेत म्हणून रबर चिकटवलं होतं," टॉर्डिस म्हणाली.

"ओरखड्याला कोण भितं? वारा लागला की या धातूवर लगेच नवी साय धरते, तीच त्याला राखते. तू त्याला तान्ह्या पोरासारखं गुंडाळलंस. खाली खारं पाणी मुरलं, वर वारा नाही. साय धरणार कशी?"

"म्हणून तर मागच्या आठवड्यात काढलं ना! बघ, सगळ्या खपल्या सुकल्यात."

रॅग्नाने टोच्याने एक खपली उचकटली. आत कोरडं, चकचकीत. दुसरी उचकटली. आत ओल होती.

"काही भरल्यात, काही अजून आतून खाताहेत. किती खोल, ते वरून कळत नाही."

"जाऊ की नको, तेवढं सांग."

"नको."

"तू माझ्या लग्नालाही नको म्हणाली होतीस."

"मग? चुकले होते का?"

टॉर्डिस खळखळून हसली आणि दोर गुंडाळायला लागली. ती जाणार, हे रॅग्नाला कळून चुकलं. तिने ओल्या पुळीवर पंचाचं पोलादी टोक टेकवलं आणि हातोडा हाणला. पंच आरपार गेला. भोकातून खालचे गोटे दिसले.

"अगं बाई! फोडलीस माझी होडी!"

"समुद्रात फुटली असती."

"इतक्या जोरात हाणलंस तर नवा पत्राही फुटेल! जळकुटी कुठली! परवा जाईन, दुसऱ्या कुणाची होडी मागून. आणि तुला दाखवणारही नाही."

टॉर्डिस तरातरा निघून गेली. रॅग्नाने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. एका बाजूला पत्रा कागदासारखा झाला होता, दुसऱ्या बाजूला चांगला जाड होता. तिने शेजारच्या ओल्या पुळीवर पंच धरला आणि तेवढ्याच जोराने घाव घातला.

पत्रा फुटला नाही.

तिसऱ्या पुळीवर पंच टेकवायला तिचा हात धजेना. तीही टिकली तर?