पाळण्यावरचं काजळ

ज्या पाळण्यातलं मूल गेलं, तो पाळणा पुराच्या पाण्यात सोडायचा, अशी आमच्या उंद्रीची रीत. पण मी कडूबा सुतार. साग पाण्यात सोडायचा म्हटलं की माझ्या जिवावर येतं. महाराष्ट्र झाला त्या साली माझ्या लेकीचं, अन्नपूर्णाचं, पहिलं बाळ गेलं. पाळणा सोडून आलो असं सगळ्यांना सांगितलं आणि फळ्या माळ्यावर टाकल्या.

यंदा तिला मुलगी झाली, इथंच, माहेरी. बारसं चार दिवसांवर आलं तेव्हा मी त्याच फळ्या खाली काढल्या. घासून नव्या केल्यावर कोण ओळखणार होतं?

रंध्यानं सागाचे रेशे उचकटतात, म्हणून माझा शेवटचा हात तुटक्या करवतीच्या पात्याचा. दोन्ही अंगठ्यांनी पातं जरासं वाकवून ओढायचं, की कांद्याच्या सालीइतके पातळ छिलके निघतात. उशाच्या फळीवर काजळाचं बोट होतं. पहिल्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून अन्नपूर्णानं लावलेलं. मी ते खरवडून काढलं. सकाळी पाहिलं तर जागच्या जागी.

तेल मुरलं असेल, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. फळी मधे खोलगट झाली. मला भीतीपेक्षा राग आला. चाळीस वर्षं लाकूड माझं ऐकत आलंय. आज सकाळी पात्याला नवी धार दिली आणि अंगठ्यांना चटके बसेपर्यंत ओढलं. डाग गेला. तासभर वाट पाहिली, आला नाही. मग पाळणा जोडून खुशीत घरात नेला.

अन्नपूर्णा ओलं फडकं घेऊन बाळाचं कपाळ पुसत होती. बाळ सकाळपासून दूध घेत नव्हतं.

"बा, हिले काजळ तुमी लावलं काय?" तिनं विचारलं. "म्या तं नाही लावलं. कवाची पुसून राह्यली, जातच नाही."

मी डाग ओळखला. बाळाला हात लावला, अंग गार पडत चाललं होतं. लेकीला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. पाळणा तसाच उचलून पडवीत आणला.

बारशाच्या बायका जमू लागल्यात. मी उशाची फळी उकलून पुन्हा पातं ओढतोय. लाकूड कोरंच निघतंय. फळी आता पिंपळाच्या पानाइतकी पातळ झाली आहे, आणि तो डाग परत इथं यावा, एवढंच मी मागतोय.