भरल्या गाडीचं वजन

“मामा, जरा बाजूला व्हा,” असं म्हणून जावयाने आपल्या टेम्पोवरची ताडपत्री ओढली, आणि अंगणात चार चाकं चकाकली.

म्हातारा बघतच राहिला. रुंद, चांदीसारखी, मधे फुलाच्या पाकळ्या कापाव्यात तशी नक्षी, वर कोरे करकरीत टायर चढवलेले. आयुष्यभरात त्याने कितीतरी चाकं बदलली होती, पण ती सगळी काळी आणि चिखलाने माखलेली. असलं चाक भिंतीवर टांगावं, रस्त्यावर कशाला न्यावं, असं त्याला वाटून गेलं.

“घरगाडीला,” जावई म्हणाला. एवढंच म्हणाला.

जावई बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यांत एकट्याने काम करून असेल, पण त्याला बोलण्याची सवयच नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासऱ्याच्या घरी तो पाहुण्यासारखा यायचा आणि पाणी पिऊन उठायचा. काही वाकडं नव्हतं, पण गोडही नव्हतं. आज पहिल्यांदाच तो आपणहून काही घेऊन आला होता.

“अहो, काय आणलंय त्यांनी?” आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

“चाकं!”

“चाकं? मला वाटलं, साडी आणली असेल.”

जावई कधी नव्हे ते हसला. सासऱ्याला तेवढ्यानेच भरून आलं.

म्हाताऱ्याचं नाव कागदोपत्री काहीही असो, सगळे त्याला सावकाशराव म्हणत. तो कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचा. वळणावर त्याच्या बसमधल्या कामगाराच्या हातातला चहाचा पेलाही हिंदकळत नसे. बाकीचे ड्रायव्हर चिडवत, “याच्या बसमध्ये बसलेलं पोर उतरेपर्यंत लग्नाचं होतं.” तो म्हणायचा, “होऊ दे. धडधाकट उतरतंय ना?” ह्या सावकाशीच्या भांडवलावर त्याने सगळी नोकरी काढली.

पण जन्मभर दुसऱ्यांना पोचवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोला कुठे नेलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला चाक हातात धरवत नसे. आणि निवृत्त झाला तोवर बायकोच्या मणक्याने दगा दिला. ऑपरेशन झालं, चालता येऊ लागलं, पण फार वेळ बसलं की कमरेतून कळ मस्तकात जायची. म्हणून त्याने ही जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, पाण्याची टाकी, छोटीशी शेगडी, खिडकीला पडदा. झोपून जाईल, पण जाईल.

जायचं होतं बायकोच्या ताईकडे, डोंगरापलीकडे. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच धाकटीला वाढवलं होतं. ती ताई आता अंथरुणाला खिळली होती. फोन कानाशी धरला तर नुसता श्वास ऐकू यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट काही सांगितलं नव्हतं, आणि त्यातच सगळं आलं होतं. बायको रोज एकच विचारायची, “कधी निघायचं?”

गाडी बरेच दिवस एका जागी उभी होती. टायर बदलायला हवेत, एवढंच सावकाशराव लेकीला बोलून गेला होता. ते लेकीने नवऱ्याच्या कानावर घातलं असणार.

चाकं बसवायला दोघं टायरच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं होतं. नवऱ्यामागे त्यांनी ते चालवलं आणि नवऱ्यापेक्षा चांगलं चालवलं, असं लोक म्हणत. बाई बोलता बोलता घरगाडीभोवती फिरल्या आणि जुन्या टायरच्या कुशीत, बाजूच्या रबरात, नख घालून पाहू लागल्या.

“टायर तसे बरे आहेत हो,” सावकाशराव म्हणाला. “नक्षी बघा, अजून झिजलेली नाही.”

“नक्षी झिजली नाही, पण रबर म्हातारं झालंय. ह्या भेगा बघा. टायर चालून झिजतो, आणि उभा राहून वाळतो.”

“दाढी केल्यावर मीही कोरा दिसतो.”

“मग तुम्हालाही घाट चढायला लावणार नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर टेम्पोतल्या चाकांवर गेली. त्यांनी एक उलटं करून पाठीमागून पाहिलं, मग दुसरंही पाहिलं, आणि वळून घरगाडीवर नजर टाकली.

“बसतील ना?” जावयाने विचारलं.

“बसतील. भोकंही जुळतायत, फक्त नट वेगळे घ्यावे लागतील. पण पेलतील का, ते मला माहीत नाही. ही छोट्या मोटारीची चाकं. तुमच्या ह्या गाडीत अख्खा संसार भरलेला.”

जावयाचा चेहरा उतरला. सावकाशरावाने ते पाहिलं. हा माणूस इतक्या वर्षांनी एक पाऊल पुढे आला, आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावायचं? तो घाईने म्हणाला, “अहो बाई, मी काय उडवत नेणार आहे का? गाडी हळू चालवली की चाकावर ताण कशाला येतोय?”

“हळू चालवाल हो. पण उभ्या गाडीचं वजनही तेवढंच असतं ना?”

 सगळ्या जन्माचं भांडवल बाईंनी एका वाक्यात खुंटीला टांगलं होतं.

“आमच्या दुकानाची एक रीत आहे,” बाई म्हणाल्या. “घरगाडीला मी अंदाजाने टायर देत नाही. जशी जाणार तशी भरा. टाकी पाण्याने भरा, भांडी, गाद्या, माणसं, सगळं आत घाला आणि वजनकाट्यावर नेऊन पुढचं वेगळं, मागचं वेगळं वजन करा. मग या. ही चाकं पेलत असतील तर मीच बसवून देईन.”

दुसऱ्या दिवशी जावई काम बुडवून आला. घरगाडी भरली. बायको पलंगावर आडवी झाली आणि तोंडावर पदर ओढून म्हणाली, “माझं वजन साऱ्या जगाला कळायला हवंच होतं का?”

“एकटीचं नाही गं. गाडीचंही धरतात त्यात.”

“म्हणजे जास्त निघालं तर गाडीवर ढकलता येईल.”

जावईही टेम्पो घेऊन मागोमाग वजनकाट्यावर आला. काटेवाल्याने आधी पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावली, मग मागची. मागचा आकडा लागला तसा त्याने खोलीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काका, मागे कोण हत्ती झोपवलाय?”

“अहो, ऐकतेय मी!” आतून आवाज आला.

सावकाशराव चक्रावला. सामान त्याने स्वतःच्या हाताने भरलं होतं. इतकं वजन होणं शक्यच नव्हतं. तो मागे चढला, पलंगाखाली हात घातला, आणि हाताला लोखंड लागलं. गोधड्यांत गुंडाळलेलं शिलाई मशीन होतं. नुसतं मशीन नव्हे, बिडाच्या पायांसकट, पायाने हलवायच्या पट्टीसकट, चाकासकट.

“हे कुणी चढवलं?”

बायको छताकडे बघत राहिली. दारातून जावई हळूच म्हणाला, “मी, मामा. तुम्ही पाणी भरत होतात तेव्हा. त्या म्हणाल्या, विचारू नका, उचला.”

“अगं, आधीच मागचं जड झालंय. हे उतरवू आपण.”

“उतरवायचं तर मला पण उतरवा.”

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच त्याने मशीनवरचा हात काढून घेतला. ती म्हणाली, “हे ताईचं आहे. माझ्या लग्नात तिच्याकडे द्यायला काही नव्हतं, तर हेच दिलं तिने. म्हणाली, माझं हाताने भागतं. आणि मग डोळे जाईपर्यंत हातानेच शिवत बसली. मी मात्र ह्याच्यावर लेकीची फी भरली.”

“पण आता ती कुठे शिवणार आहे?”

“न शिवू दे. तिच्या उशाशी असू दे. आपलं परत आलंय, एवढं कळू दे तिला.”

सावकाशराव खाली उतरला. काट्याच्या लोखंडी फळीवर गाडी निमूट उभी होती, मागे किंचित बसलेली. एवढं सगळं ह्या गाडीत आहे, आणि ते चार चाकांवर आहे, असं त्याला पहिल्यांदाच दिसलं. बसमध्ये तो माणसं मोजायचा. वजनाची काळजी कारखाना करत असे. तो जावयासमोर गेला. 

“जावईबापू, रागावू नका. तुम्ही मायेने आणलीत, ते मला मेल्यावरही आठवेल. पण ती चाकं मी घालणार नाही. आमची ही मागे झोपलेली असते. काही झालं तर तिला उठून उडीसुद्धा मारता येत नाही.”

 जावई आपल्या टेम्पोकडे गेला, चढला, चकाकतं चाक उलटं करून खिशातल्या बॅटरीच्या उजेडात आतल्या बाजूला कोरलेला आकडा वाचू लागला. मग टायरवरचा वाचला. मग काटेवाल्याची चिठ्ठी समोर धरली. सावकाशराव उन्हात तसाच उभा. आता हा टेम्पो सुरू करून निघून जाईल आणि लेकीच्या घरची वाट पुन्हा लांब होईल, असं त्याला वाटत होतं.

जावई उतरून आला. कान लाल झाले होते.

“मामा, रोज मी लिफ्टमध्ये पाटी लावतो, इतकाच भार, जास्त नाही. कुणी वर चढला तर त्याच्यावर ओरडतो. आणि तुमच्यासाठी चाकं घेताना पाटी वाचलीच नाही. चमक बघितली.” त्याने हातातल्या चिठ्ठीची घडी केली. “आई लिफ्टमध्ये असत्या, तर मी दार लागू दिलं नसतं.”

एवढं सलग बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. गाडीच्या खिडकीचा पडदा हलला. “ऐकलं का हो,” बायको म्हणाली, “मला आई म्हणाले.”

“इतके दिवस काय म्हणत होते?”

“काहीच म्हणत नव्हते. ‘अहो, जरा’ म्हणायचे.”

काटेवाला हसला, जावई हसला, आणि सावकाशरावाने डोळ्यांत धूळ गेल्याचं निमित्त केलं.

बाईंनी चिठ्ठी पाहिली आणि दुकानाच्या मागून साधी काळी लोखंडी चाकं काढली. गाडीच्या दाराच्या आतल्या पट्टीवर ती बनवणाऱ्यांनी छापलं होतं त्याच मापाची, रुंदीला बोटभरही जास्त नाही. टायर मालवाहू टेम्पोचे, जाड कुशीचे. काट्याच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त पेलतील असे बघून घेतले, कारण खड्डा आला की वजन दुप्पट होतं, असं बाई म्हणाल्या. हवा जास्त भरायची, तर हवा भरायची तोंडं, म्हणजे व्हॉल्व्हही धातूचे लावले. घरगाडीची जुनी लोखंडी चाकं वापरावीत असं सावकाशरावाच्या मनात होतं, पण नटांच्या भोकांशी गंज चढलेला बघून त्याने स्वतःच मान हलवली.

“आणि पाचवं,” बाई म्हणाल्या. “स्टेपनी बाहेर लटकून उन्हात पिकलीय. ऐन संकटात म्हाताऱ्याला हाक मारणार का?”

“मला रोजच मारतात,” सावकाशराव म्हणाला.

चकाकती चाकं रस्त्यावर फिरलेली नव्हती. बाईंनी ती बदल्यात ठेवून घेतली. संध्याकाळी बायको काठी टेकत अंगणात आली आणि गाडीला एक फेरी मारली. “चांदीची ताटं गेली, तवे आले,” ती म्हणाली. मग वाकता येत नसूनही तिने काठीचं टोक टायरला हळूच लावलं, पाया पडल्यासारखं.

निघाले त्या दिवशी जावई टेम्पो घेऊन मागे आला. नवीन चाक थोडं चाललं की बसतं, नट पुन्हा आवळावे लागतात, असं बाईंनी बजावलं होतं. “तेवढं करून परत फिरतो,” तो म्हणाला. सकाळभर तो मागे होता. घरगाडी हळू चालली म्हणून त्याने एकदाही भोंगा वाजवला नाही.

डोंगर सुरू होण्याआधी एका झाडाखाली थांबले. बायको आत गाढ झोपली होती. जावयाने लांब दांड्याचा पाना काढला. ठरलेला जोर लागला की तो टक् असा आवाज करायचा. सावकाशरावाने हात पुढे केला. हे काम त्याचं होतं. जन्मभर तोच करत आला होता. त्याने पाना नटावर बसवला, पाय रोवले, दाबला. पुन्हा दाबला. खांद्यातून कळ गेली. कपाळावर घाम आला, पण टक् झालं नाही.

जावई बाजूला उभा राहून झाडाकडे बघत होता, जणू त्या झाडात फार काही बघण्यासारखं होतं.

सावकाशराव सरळ झाला. पान्याचा दांडा त्याने सदऱ्याने पुसला आणि दोन्ही हातांनी जावयापुढे धरला.

“घ्या. आता हे तुमच्याकडे.”

जावयाने पाना घेतला, गुडघा टेकला. टक्. एक एक करत तो चाकाभोवती फिरला, मग पुढच्या चाकाकडे गेला. सावकाशराव त्याच्या मागोमाग चालत होता. जिथे नट आवळून झाले, त्या चाकावर हाताची पाठ टेकवून ते तापलंय का बघत होता. तापलं नव्हतं. शेवटचा आवाज झाल्यावर जावयाने मान वर केली.

“मामा, गाडी निघू देऊ?”

सावकाशरावाने पुन्हा एकदा चारही चाकांवरून नजर फिरवली. मग मान हलवली.

तो चढून बसला, हळूच दार ओढून घेतलं. मागे पलंगावर तिचा श्वास संथ चालला होता. गाडी रस्त्याला लागली. आरशात जावई बराच वेळ दिसत राहिला. टेम्पोत न बसता, पाना हातात धरून, पहिल्या वळणापर्यंत.