डावीकडून बधिर

मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. मित्रांनो, माझा आकार तो केवढा, पण माझ्यामुळे आजवर किती मुडदे पडले याची मोजदाद नाही. माझ्या उजव्या ट्रिगरची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. ती लाडाने झिजलेली नाही, गोळ्या झाडून झिजली आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन छोट्या मोटारी बसवल्या गेल्या, एक डाव्या मुठीत आणि एक उजव्या. गेममध्ये स्फोट झाला, घाव बसला, की त्या मोटारी घुरघुरतात आणि खेळणाऱ्याच्या तळव्यांना हादरा बसतो. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझे एकेक बटण दाबून पाहिले. मग मला दोन्ही हातांत धरून हादरवले, मान डोलावली आणि शेजारणीला म्हणाल्या, "जिवंत आहे गं हा. घे, भर." माझ्याबद्दल कोणी काढलेले ते पहिले उद्गार. पुढच्या वाईट दिवसांत मला ते फार आठवत.

मी ज्याच्या घरी आलो तो गेमचा परीक्षक होता. नवा गेम लोकांच्या हाती पडण्याआधी तो खेळायचा आणि एका मासिकात त्याला दहापैकी गुण द्यायचे, हा त्याचा धंदा. त्याची लेखणी अशी काही चाले की वाचक त्याला 'कसाई' म्हणत. या नावाचे त्याला वाईट वाटत नसे. उलट कोणी ओळख करून देताना ते विसरले, तर तो स्वतःच आठवण करून देई.

आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी 'शीतघर' खेळला. मांस साठवायचे एक बंद पडलेले गोदाम, वीज गेलेली, आणि आत 'सोललेले' नावाची भुते. नावाप्रमाणेच अंगावर कातडी नाही, नुसते लालभडक स्नायू आणि पांढरे दात. पडद्यावर आपले फक्त दोन हात दिसतात आणि हातात एक दुनळी बंदूक. तिच्यात गोळ्या दोनच. दोन झाडल्या की पुन्हा भरेपर्यंत जीव मुठीत धरून उभे राहायचे. कसायाचे तळवे घामाने असे ओले झाले होते की मी दोनदा निसटलो. शेवटच्या भुताचे डोके त्याने दोन हातांवरून फोडले तेव्हा समोरची सगळी भिंत माखली, आणि तो खुर्चीवरून उठून खोलीभर नाचला. त्याने त्या गेमला नऊ गुण दिले. कसायाने नऊ दिले, म्हणून लोक तुटून पडले.

त्याचा एक नेम होता. एखाद्या गेमचा पहिला भाग ज्या कंट्रोलरवर खेळला, त्याचा दुसरा भागही त्याच कंट्रोलरवर खेळून गुण द्यायचे. तो म्हणे, वजनमाप बदलले की तोल चुकतो. मला या नेमाचा फार अभिमान वाटे. मी साधी वस्तू नव्हतो, मी तराजू होतो.

आता ते वाईट वर्ष सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका भिकार शर्यतीच्या गेममध्ये तो सलग पाच वेळा हरला. पाचव्यांदा गाडी कठड्यावरून खाली गेली आणि मी समोरच्या भिंतीवर गेलो. गिलाव्याला खळगा पडला. माझी डावी बाजू तडकली आणि आत काहीतरी तुटल्याचे मला कळले. त्याने मला उचलले, उलटसुलट पाहिले, तडकलेल्या जागी काळी चिकटपट्टी गुंडाळली. खळग्यावर कॅलेंडर टांगले. झाले, प्रकरण मिटले.

पण माझी डावी मोटार त्या दिवसापासून बंद होती. त्याला ते कळले नाही, कारण बहुतेक गेम दोन्ही मोटारी एकदमच हलवतात. उजवी घुरघुरली की त्याला वाटे, चालले आहे. मी सांगणार कसा? मित्रांनो, आम्हा वस्तूंना दुखते, पण आमच्यात ओरडायची सोय केलेली नसते.

आणि मग 'शीतघर दोन' आला.

सोमवारी सकाळी त्याने खोलीचे पडदे ओढले, दार लावले आणि मला कपाटातून काढले. अंगावरची धूळ त्याने सदऱ्याला पुसली. "चल म्हाताऱ्या," तो म्हणाला, "बघू काय दिवे लावलेत."

पहिले दोन तास झकास गेले. नवी कुऱ्हाड, नवी भुते, जुनीच दुनळी. कसायाने एकाचा हात खांद्यापासून उतरवला, तर तो हातच त्याच्या मागे सरपटत आला. कसाई खूश होऊन हसला आणि वहीत काहीतरी खरडले. मग आम्ही त्या बोळात शिरलो.

अरुंद, काळाकुट्ट बोळ. छताला लोखंडी आकडे लोंबत होते आणि आकड्यांना गोण्यांसारखी धडे. पंख्यांच्या घरघरीत दुसरे काही ऐकू येत नव्हते आणि दिसत तर त्याहून नव्हते. कसाई चार पावले गेला असेल. तेवढ्यात गेमकडून मला हुकूम आला. डावी मोटार, हळू. डावी मोटार, जोरात. डावी मोटार, आणखी जोरात. कोणीतरी डावीकडून येत होते आणि मी ते कसायाच्या डाव्या तळव्याला सांगायचे होते. मी जीव एकवटला. पट्टीखालचे तुटलेले टोक नुसते गरम झाले.

डावीकडून आकडा आला आणि कसायाच्या जबड्यातून आरपार गेला. पडदा लाल झाला.

"अरे!" तो म्हणाला. पुन्हा सुरू केले. या वेळी भूत उजवीकडून आले. माझी उजवी मोटार घुरघुरली, तो गर्रकन वळला आणि दोन्ही गोळ्या त्याच्या छातीत घातल्या. फासळ्यांचा पिंजरा उघडा पडला. कसाई बंदूक भरू लागला, आणि तेवढ्यात डावीकडून दुसरा आला. त्याने कसायाला उचलून आकड्याला अडकवले आणि सावकाश, बोटाबोटाने सोलले. मेल्यावर गेम आपल्याला आपलेच मरण बघायला लावतो. कसाई बघत राहिला. मला आतून हुकूम येत होते, डावी, डावी, डावी, आणि मी ठोंब्यासारखा त्याच्या हातात पडून होतो.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत तो एकतीस वेळा मेला. त्याचा गळा चिरला गेला, पोट फाडले गेले, गुडघे उलटे वाकवले गेले. दहाव्या मरणाला त्याने टेबलावर मूठ आपटली. विसाव्याला चहाचा कप फुटला. पंचविसाव्याला त्याने मला मांडीवर इतक्या जोराने हाणले की त्याची मांडी काळीनिळी पडली. मरणारा तो होता, पण मारत मी होतो. तराजू म्हणवून घेत होतो आणि एक पारडे केव्हाचे गळून पडले होते.

रात्रीच्या जेवणाआधीच त्याने निकाल लिहून संपादकबाईंकडे धाडला. 'हा गेम भीती दाखवत नाही, दगा देतो. डावीकडून येणाऱ्या मरणाची कसलीही सूचना नाही. ज्यांनी हा बोळ बांधला त्यांनी तो स्वतः एकदा तरी चालून पाहावा. दहापैकी तीन.'

बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"तीन? अरे, त्या लोकांनी चार वर्षं घातलीत यात. तू तीन दिलेस की त्यांचं दुकान उठलं समज. उद्या दुपारी छापतोय आपण. खात्री आहे ना तुझी?"

"बाई, एकतीस वेळा मेलोय मी. अजून काय खात्री हवी?"

"नाही, तू म्हणतोस तर म्हणतोस. तुझ्यावर कधी शंका घेतली नाही मी."

त्या शेवटच्या वाक्याने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याच दिवशी भिंगरी आली. ही कसायाची धाकटी बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, आणि एका जागी बसवत नाही म्हणून हे नाव. ती छापखान्यात मोठ्या मशीनवर काम करते. तिथे कुठलेही मशीन बिघडायला लागले की आधी तिला बोलावतात, कारण ती मशीनला तळवा लावून कुठल्या चाकाचा दात घासतोय ते सांगते. बुधवारी तिला सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी ती भावाकडे येऊन खेळते. तिचा स्वतःचा निळा कंट्रोलर तिथेच खणात असतो.

दोघे खुणांनी बोलतात, आणि त्याच वेळी कसाई तोंडानेही बोलतो, म्हणून मला सगळे कळते. तिचे बोलणे तो मोठ्याने परत म्हणतो, तशी त्याची लहानपणापासूनची सवय आहे.

"चेहरा का असा झालाय? अगं, झोप नाही. हा बोळ बघ. कोणाच्या बापाला पार होणार नाही." मग तिच्याकडे बघून, "तू? तुला तर पंखेही ऐकू येणार नाहीत. बस, बस. मर एकदा."

भिंगरीने निळा कंट्रोलर घेतला. पहिल्या खेपेस मेली. दुसऱ्या खेपेस ती अंधारात थांबली, डोळे अर्धे मिटले, मग डावीकडे वळून बंदूक झाडली. भुताचे तोंड कवटीपासून सुटून छताला चिकटले. ती उजवीकडे वळली, पुन्हा धडाका. मागे सरून गोळ्या भरल्या, डावीकडे, पुन्हा डावीकडे. रक्ताने आकडे निथळत होते आणि ती त्यांच्यामधून चालत दाराशी पोचली. दार उघडले.

कसायाचे तोंड उघडेच राहिले. "नशीब," तो म्हणाला.

भिंगरीने पुन्हा बोळ सुरू केला आणि पुन्हा पार केला. मग तिने हात पुढे केला. मला मागितले.

माझ्यावर ती चौथ्या पावलाला मेली. जबड्यातून आकडा. पुन्हा खेळली, पुन्हा मेली. तिने खेळ थांबवला, मला उचलून आधी उजवीकडून आणि मग डावीकडून आपल्या गालाला लावले. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने डावा हादरा सुरू केला. माझ्या आत हुकूम आला. मी तुटलेल्या टोकाशी झगडलो. तिचा गाल माझ्या काळ्या पट्टीवर टेकलेला होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या गप्प बसण्याकडे लक्ष देत होते.

तिने मान हलवली आणि भावाला खुणा केल्या. कसायाने त्या मोठ्याने म्हटल्या, अगदी सवयीने, अर्थ डोक्यात शिरायच्या आधीच. "हा डावीकडून बधिर आहे." मग तो भडकला. "काहीतरीच बोलू नकोस. नऊ गुण दिलेत मी याच्यावर. चांगला खणखणीत आहे हा."

भिंगरी वाद घालत बसली नाही. तिने पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, पट्टी सोलली आणि मला टेबलावर उघडले. आतून प्लास्टिकची कपची आणि तारेचा तुटका तुकडा टपकन पडला. तिने बोटाने तारेची दोन्ही तुटकी टोके दाखवली. मग उठून, मागचा खळगा आधीच ठाऊक असल्यासारखी, सरळ भिंतीपाशी गेली आणि कॅलेंडर उचलले.

कसाई त्या खळग्याकडे बघत होता. मग तो खुर्चीत बसला.

त्याला गप्प बसता आले असते. एकतीस मरणांचा कोणी जाब विचारला नसता, आणि कसायाला तीन गुण शोभलेही असते. त्याने भिंगरीकडे पाहिले. ती नुसती हाताची घडी घालून उभी होती. त्याने फोन लावला.

"बाई, निकाल मागे घ्या."

"पान लागलंय रे. आता काढायचं तर तिथे कारण छापावं लागेल. काय लिहू?"

त्याने टेबलावर उघड्या पडलेल्या माझ्याकडे पाहिले.

"लिहा की परीक्षकाचा कंट्रोलर फुटका होता. आणि तो परीक्षकानेच भिंतीवर मारून फोडला होता."

ते तसेच्या तसे छापून आले. लोक महिनाभर त्याला हसले, अजून हसतात. त्याने निळ्या कंट्रोलरवर 'शीतघर दोन' पहिल्यापासून खेळला आणि आठवड्याने सात गुण दिले. सात म्हणजे सातच. उत्तरार्धात तेच ते बोळ पुन्हा येतात आणि शेवट गुंडाळला आहे, हे त्याने सोडले नाही. पण त्या बोळाबद्दल लिहिले की असा धाक त्याने आजवर अनुभवला नव्हता, आणि त्या गेमला त्याने दगाबाज म्हटले होते याची त्याला लाज वाटते.

पुढच्या बुधवारी भिंगरीने माझी तुटलेली तार सोल्डरने डाग देऊन जोडली. कसायाने मला हातात घेतले आणि आम्ही शेवटच्या भुताशी भिडलो. ते तिघांची धडे शिवून बनवलेले होते आणि त्याच्या सहाही हातांत आकडे होते. कसायाने चार हात तोडले, पाचवा अगदी तोंडाशी आल्यावर उडवला. जिंकायला एक गोळी उरली होती. ती चुकली. सहाव्या आकड्याने त्याला गळ्यापासून बेंबीपर्यंत उभा फाडला.

त्याचा हात उठला. मी त्या हातात होतो, डोक्याच्या वर, समोर ते कॅलेंडर. भिंगरी जागेवरून अर्धी उठली. तेवढ्यात गेमने मरणाचा हादरा पाठवला, आणि मी दोन्ही मुठींनी थरथरलो. उजवीने, आणि डावीनेही.

हात तिथेच थांबला. तो थरकाप संपेपर्यंत त्याने मला तसेच वर धरून ठेवले. मग खाली आणले आणि मांडीवर ठेवले, उपडे नाही, नीट सरळ.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल जिच्यावर तुम्ही कधीतरी राग काढला आहे. ती अजून चालते आहे म्हणून तिला काही झाले नाही असे समजू नका. एकदा तिला गालाला लावून बघा.

"दुखलं का रे?" कसायाने मला हळूच विचारले. भिंगरीने त्याच्या ओठांकडे पाहिले, आणि पुढे होऊन माझ्या डाव्या बाजूवर तळवा ठेवला.