शेपूट कापून उत्तर द्यावे

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने मेल टाकला की तो सगळ्यांना जायचा. कुणाची बॉबिन अडली, कुणाचा टाका सुटला, की बाकीचे उपाय सुचवत. लिस्ट सांभाळणाऱ्या कारागिराला सगळे पाठीमागे शेपूटमास्तर म्हणत, कारण त्याचा धोशा एकच: ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढी ठेवा, खाली लोंबणारं जुन्या मेलांचं शेपूट कापा, आणि उत्तर त्या ओळीखाली लिहा. आभार, चौकश्या, घरगुती गप्पा ज्याच्या त्याला खासगीत. नियम सगळे रास्त होते. फक्त हा गृहस्थ तेल सगळं मशीनला घालायचा, माणसांसाठी थेंब राखत नसे.

त्याच्या नियमांचं सगळ्यात जास्त येणं एका बाईकडे थकलेलं. पूर्वी ती कपडे शिवायची, आता दुरुस्तीत उतरलेली. तिच्या मेलला आख्खं शेपूट, त्याच्यावर तिचं उत्तर, वर सगळ्यांचे आभार, आणि मधेच स्वतःच्या गुडघ्याची हकिकत. मास्तर चारचौघांत टोकायचा. ती चारचौघांत माफी मागायची. शेपटासकट.

एका दुपारी तिचा मेल आला: मशीन कापडाखाली दोऱ्याचा गुंता करतंय, बॉबिन बदलली, खालचं सगळं खोलून पाहिलं, गिऱ्हाईक उद्या येणार, काय करू?

मास्तरचा मेहुणाही याच धंद्यात, याच लिस्टवर. त्याने तो मेल मास्तरला खासगीत पाठवला. 'भाऊजी, तुमची लाडकी आली बघा.'

मास्तरने उलट लिहिलं, 'पाल्हाळबाईला वरचा दोरा ओवता येतो का विचार. असल्यांनी लोकांच्या मशीनला हात लावू नये.'

मेहुणा म्हणाला, 'ते राहू द्या, शेपूट कापायला तरी शिकवा.'

मास्तरला ते भलतंच आवडलं. आता सगळ्यांनाच एकदा नियमांची उजळणी द्यावी, म्हणून त्याने मेहुण्याशी चाललेला तोच मेल पुढे ओढला, पत्त्याच्या जागी लिस्ट घातली, वर नियम लिहिले आणि पाठवून दिला. मग चहा प्यायला उठला.

कप तोंडाला लागतोय तोच मेहुण्याचा फोन.

"भाऊजी, लिस्ट उघडा. बसून उघडा."

"का रे?"

"शेपूट राहिलंय तुमचं."

नियमांच्या खाली सगळं लोंबत होतं: लाडकी, पाल्हाळबाई, दोरा, हात.

"परत घेता येत नाही का?" मेहुणा रडवेला झाला. "माझंही नाव आहे त्यात."

"गेलेला मेल परत येतो होय!"

लिस्टवर कुणी अक्षर काढलं नाही. एरवी सुईच्या नंबरावरून दोन दिवस भांडणारी माणसं. कान उपटणारा एक जरी निघाला असता, तरी मास्तरला हलकं वाटलं असतं.

बायको मागे उभी राहून वाचत होती. "हे तुम्ही लिहिलंत?"

"खासगीत लिहिलं होतं."

"खासगीत काय, शोभून दिसत होतं?"

त्याने बाईंना खासगीत माफीचा मेल लिहिला. आटोपशीर, शेपूट कापलेला.

"शिवी चौकात आणि माफी बोळात?" बायको म्हणाली.

"वैयक्तिक ते खासगीत, असा नियम आहे."

"आणि नियम कुणाचा?"

खासगीतल्या मेलला उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मेल लिस्टवर आला. वर मास्तरची एकच ओळ ठेवलेली: 'पाल्हाळबाईला वरचा दोरा ओवता येतो का विचार.' बाकीचं सगळं कापलेलं. आणि त्या ओळीखाली:

'येतो. पण काल चुकले होते. दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. पुन्हा ओवला, गुंता थांबला. उपाय बरोबर होता.'

आभार नाहीत, माफी नाही, गुडघा नाही.

मास्तरचे कान तापले. उपाय त्याला ठाऊक होता, हाताशी होता, आणि त्याने तो टोमण्यात घालवला होता. तिने तो टोमण्यातून वेचून घेतला, आणि चुकले म्हणायलाही कचरली नाही.

त्याने लिस्टवर उत्तर लिहायला घेतलं. ज्या ओळीला उत्तर द्यायचं ती वर ठेवायची, आणि ती ओळ तर त्याचीच. ती गाळून चालेल का, म्हणून बोट घुटमळलं. बायको मागेच उभी होती. ओळ राहिली. तिच्याखाली त्याने लिहिलं: 'हे मी लिहिलं. सरळ सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर माफी मागतो.'

"गुडघ्याचं विचारा," बायको म्हणाली.

"कुठल्या तोंडाने?"

बाईंनी लिस्ट सोडली नाही. आजही कुणाचा टाका सुटला की त्या उत्तर देतात. नेमकी ओळ, खाली उपाय, बस. इतके नीटनेटके मेल लिस्टवर दुसरं कुणी लिहीत नाही. मास्तर ते एकेक उघडून शेवटपर्यंत वाचतो. गुडघ्याचं पुढे काय झालं, ते त्यात कधीच नसतं.