मथुराबाईंच्या कोठीतली धामण

मित्रांनो, विश्वामित्री नदीच्या काठी एका बिळात दिवस काढणारी मी एक म्हातारी धामण आहे. मला फणा नाही, विषही नाही. म्हणून शहाण्या सापांत मला कुणी धरत नाही.

सयाजीराव महाराजांच्या राज्यात विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे छपन्नाचा दुष्काळ पडला. नदीकाठी बेडूकही उरला नाही, तेव्हा मी बडोद्यात शिरले. शिलेदार सुभानरावांच्या घरी धान्याची कोठी होती आणि तिथे उंदीर माजले होते. त्यांच्या पत्नी मथुराबाई काठी घेऊन आल्या. माझ्या तोंडातला उंदीर त्यांनी पाहिला आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"राहा बाई," त्या म्हणाल्या. "उरलेली बाजरी तरी पोरांच्या तोंडी लागू दे."

तेव्हापासून मी त्यांची पावलं ओळखायला शिकले. दुसरं कुणी आलं की जमिनीचा हादरा पोटाला जाणवायचा आणि मी फटीत शिरायची. मथुराबाई आल्या की मात्र जागची हलत नसे. दुष्काळ सरला, कोठी भरली. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या कौतुकाने सांगत, "आमची धामण माणूस ओळखते हो!"

पुढे त्यांची म्हैस दूध कमी देऊ लागली. सुभानराव पारडाचं दावं सैल बांधत. पहाटे पारडू मान सोडवून घ्यायचं, आईला पोटभर प्यायचं आणि गुपचूप जागेवर येऊन बसायचं. मी ते रोज बघत होते. पण मथुराबाईंनी विचारलं तेव्हा शेजारच्या गंगाबाई म्हणाल्या, "अगं, धामण म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पिते! घरात पाळलीस आणि वर मलाच विचारतेस?"

मथुराबाईंनी गोठ्यात जाऊन पाहिलं नाही. एका गुजराती गारुड्याला बोलावलं.

"तुमचा पाय ओळखते ने, बेन?" तो म्हणाला. "मग तुम्हीच पुढे चला."

ओळखीची पावलं आली. मी हलले नाही. त्यांच्या मागून एक हात आला आणि त्याने माझी मान धरली.

"जपून हो, शहाणी आहे ती," मथुराबाई तोंड फिरवून म्हणाल्या.

"शहाणी?" गारुडी हसला. "शहाणा तो नाग, पुंगीवर डोलतो. ही तर पळायचंसुद्धा विसरली!"

त्याने मला टोपलीत कोंडलं. शेजारच्या टोपलीतल्या नागाला मी विचारलं, "तुला पुंगी कळते का रे?"

"कसली पुंगी!" तो म्हणाला. "ती तोंडावर आपटेल म्हणून तिच्यावर नजर ठेवतो. लोक हात जोडतात, त्याला मी काय करू?"

बिनफण्याचा साप बघायला कोण थांबणार? गारुड्याने मला नदीकाठी टाकून दिलं.

मित्रांनो, कोणता साप जास्त हुशार हे तुम्ही खुशाल ठरवा. माझी पूजा नको, मला दूधही नको. पण एखाद्या जिवाची भीती तुम्ही घालवली असेल, तर त्याला दोष देण्याआधी एकदा नीट बघत जा.

परवा एक लहान मुलगी काठावर आली. अगदी हलक्या पावलांनी, मला बघायलाच. चांगली असेलही. मी थांबले नाही.